संगणकाला गाव सांगितलं तेव्हा

तापीकाठच्या त्या गावात विठ्ठलमंदिराच्या भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे चालतं. ते पुढेच चालायला हवं, याबद्दल गावात दुमत नाही. लग्न होऊन आलेल्या नव्या सुनेला सासू पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवते, "देवळाचं घड्याळ पाहून शहाद्याची गाडी धरायला पळू नको, उगाच धाप लागेल." काकडा त्या घड्याळावर, हरिपाठ त्या घड्याळावर आणि सप्ताहातलं कीर्तनही त्याच घड्याळावर. बाहेरगावचा माणूस दहाच्या कीर्तनाला आपल्या मनगटावरचे दहा पाहून येतो, तेव्हा नमन होऊन गेलेलं असतं. पुढच्या वर्षी तो लवकर येतो.

सीमाला हे सगळं लहानपणापासून ठाऊक होतं. तिचं माहेरही तेच आणि सासरही तेच, मध्ये फक्त दोन गल्ल्या. नवरा ललित केळी आणि कापूस बघायचा. ती स्वतः बसथांब्याजवळच्या गाळ्यात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायची. पण गावात तिची खरी ओळख निराळी होती. टाळकऱ्यांच्या रांगेत उभी राहिलेली ती गावातली पहिली मुलगी. तेव्हा काही लोकांनी नाकं मुरडली होती. पितांबर महाराजांनी कीर्तन थांबवून स्वतःच्या हाताने तिच्या बोटांत टाळाची दोरी अडकवली आणि एवढंच म्हणाले, "ताल चुकला तर खाली बसवा. मुलगी आहे म्हणून नाही." सीमा चुकली नाही. ती दोरी तिच्या बोटांना अजून जाणवायची.

यंदाच्या सप्ताहात पितांबर महाराज नव्हते. खळ्यावर पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात ते खाटेला खिळले होते. ऑपरेशन नेमकं काल्याच्या दिवशी, दुपारच्या आधी ठरलं. तारीख ऐकून महाराज डॉक्टरांवर रागावले नाहीत. हात जोडून म्हणाले, "तुम्ही पांडुरंगासारखे भेटलात. पण काल्याचं कीर्तन कानावर पडलं की मगच मला आत घ्या. एवढ्या वर्षांत माझा काला चुकला नाही." डॉक्टर हसले, म्हणाले, ऐका की, तयारीला न्यायच्या आत जेवढं होईल तेवढं ऐका.

आणि सीमाने भेटायला गेल्यावर त्यांच्या उशाशी बसून शब्द देऊन टाकला होता, "महाराज, तुम्ही नाही येऊ शकत ना, मग मी कीर्तन तुमच्यापर्यंत आणते."

शब्द दिला, पण आणायचं कसं? फोनवर आदल्या दिवशी करून पाहिलं होतं. मंडपात माणसं भरली की मोबाइलचं नेटवर्क गुडघे टेकायचं. मृदंगाचा आवाज पत्र्यावर गारा पडाव्यात तसा ऐकू यायचा आणि मध्येच सगळं गप्प. तेव्हा आधार होता तो देवळाच्या कोपऱ्यातल्या जुन्या संगणकाचा. ललितच्या सुरतेच्या मावसभावाने तो देवाला म्हणून दिला होता. तिकडच्या कुठल्याशा कार्यालयाने जुनी यंत्रं काढली, त्यातलं हे एक. देखण्या खिडक्या-चित्रांचं ओझं त्याला पेलायचं नाही, म्हणून त्यावर साधी मोफत प्रणाली घातलेली. काम करायचं तर काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या. सीमाने त्या एकेक करून शिकून घेतल्या होत्या. ग्रामपंचायतीकडून तारेचं इंटरनेट देवळापर्यंत आलेलं, कॅमेरा भाड्याचा, आणि कीर्तन जगात कुठेही दिसेल अशी एक प्रसारणाची जागा तिने शोधून काढली होती. सप्ताहाचे सगळे दिवस ते बिनबोभाट चाललं.

एकच खोड होती. त्या संगणकाचं घड्याळ गावाशी जुळत नव्हतं. देवळात सकाळ झाली की त्याच्यात मध्यरात्र असायची. सीमाने सुरुवातीला दुर्लक्ष केलं आणि मग सवयच लावून घेतली. कार्यक्रमाची पाटी टाकताना मनातल्या मनात साडेपाच तास वजा करायचे आणि तो आकडा लिहायचा. पोळी लाटता लाटता हिशेब व्हावा इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

पण काल्याच्या सकाळी भटूआप्पांनी ते पाहिलं.

भटूआप्पा म्हणजे देवळाचे विणेकरी. घड्याळाला किल्ली देणं, घंटा वाजवणं, उशिरा येणाऱ्याकडे भुवई वर करून बघणं, ही सगळी खाती त्यांच्याकडे. त्या दिवशी बाहेरच्या मंडपातही कीर्तन दिसावं म्हणून मोठा टीव्ही लावला होता आणि संगणकाचा पडदा त्यावर उमटला होता. कोपऱ्यात ठळक अक्षरात वेळ. बाहेर ऊन चढलेलं आणि टीव्हीवर रात्रीचे अडीच वाजून गेलेले.

"सीमा, बेटा, हाई तुन्हं यंत्र विलायतमा ऱ्हास का?" आप्पा गळ्यातली वीणा सावरत म्हणाले. "आख्खा पंचक्रोशीना लोक येथीन आनि देवना दारमा रातना अडीच?"

"आप्पा, ते आतल्या आत तसं आहे. प्रसारणाला काही होत नाही."

"प्रसारणले नही व्हत, माले व्हस," आप्पा म्हणाले. "देवळाच्या घड्याळासारखं कर. महाराज असते तर त्यांनी चालवून घेतलं असतं का?"

महाराजांचं नाव निघालं आणि सीमाचा हात कळफलकावर गेला. संगणक जोवर इंटरनेटवरून आपोआप वेळ मिळवायचा, तोवर हाताने घातलेली वेळ तो मानायचा नाही. म्हणून तिने आधी त्याचं ते वेळ मिळवणंच बंद केलं आणि मग भिंतीकडे बघून देवळाची वेळ आत घातली.

sudo timedatectl set-ntp false
sudo timedatectl set-time "08:20:00"

टीव्हीवर आठ वीस झाले. भिंतीवरही आठ वीस. आप्पांनी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली. "आते कसं! आते हाई आपला गावनं व्हयनं."

सीमालाही बरं वाटलं. चला, वजाबाकी सुटली. त्याच भरात तिने प्रसारणाच्या पानावर कार्यक्रमाची पाटी लावली. काल्याचे कीर्तन, सकाळी दहा. पहिल्यांदाच जसं आहे तसं लिहिलं.

मग माणसं यायला लागली. दहीहंडी बांधली गेली. बायका लाह्या, पोहे आणि दही कालवायला पराती घेऊन बसल्या. कीर्तनाला उभा राहणार होता गोकुळ, अक्कलकुव्याकडचा, महाराजांच्या हाताखाली तयार झालेला. काल्याचं कीर्तन त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं आणि तो पुन्हापुन्हा उपरणं नीट करत होता. सीमाने कॅमेरा लावला, मृदंगाजवळचा माइक पाहिला आणि प्रसारण जोडायला घेतलं.

जोडलं जाईना.

पडद्यावर इंग्रजीत एक लाल ओळ आली. अर्थ असा की तुमच्या यंत्राची वेळ आमच्या वेळेशी जुळत नाही, सबब विनंती नाकारली आहे. पाटी लावायला कुणी वेळ विचारत नव्हतं, पण थेट प्रसारणाच्या दारावर पहारा कडक. येणारा आपली वेळ सांगतो, ती पटली तरच आत. इतके दिवस पहारेकरी निमूट आत सोडत होता आणि आज, घड्याळ चांगलं सरळ केल्यावर, अडवत होता.

सीमाने पुन्हा जोडून पाहिलं. पुन्हा लाल ओळ. तिने कोपऱ्यातली वेळ पाहिली, भिंतीवरची पाहिली. दोन्ही सारख्या. जुळत नाही कसं?

मग तिच्या लक्षात आलं आणि तिने कपाळावर हात मारला. दहा मिनिटं! देवळाचं घड्याळ पुढे असतं, हे गावाला माहीत. प्रसारणवाल्यांना कुठून माहीत असणार? तिने मोबाइल काढून खरी वेळ पाहिली आणि संगणक दहा मिनिटं मागे घेतला. हे करताना आप्पांकडे पाठ केली. टीव्ही आणि भिंत यांच्यात पुन्हा फरक पडला होता.

पांडुरंगा, आता तरी.

लाल ओळ.

मंडप भरत आला होता. टाळ एकमेकांना लागून किणकिणत होते, मृदंगावर कणीक चढत होती. आणि तिकडे चिंचपाड्याला एक म्हातारा माणूस पांढऱ्या चादरीवर वाट बघत पडला होता.

"काय व्हयनं व माय?" आप्पांनी मागून विचारलं. "तोंड का उतरलं?"

"जोडलं जात नाहीये आप्पा. वेळ जुळत नाही म्हणतं."

"मी त तेच सांगी ऱ्हायनू! तू परत मांगे कया ना तेले?"

ती काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. तापीकाकू, महाराजांच्या पत्नी. दवाखान्यातून. सीमाने कानाला फोन घट्ट दाबला, दुसऱ्या कानात बोट घातलं.

"सीमा, अगं पोरी, काही अडचण आहे का?" काकूंचा आवाज हळू, जणू कुणाला ऐकू जाऊ नये. "सोनम सिस्टरने पान उघडून दिलं, तर त्यावर कीर्तन दुपारी साडेतीनला लिहिलंय. तोवर यांना आत घेतलेलं असेल गं. मी यांना सांगितलं नाही अजून. हे नुसते छताकडे बघून बोटांनी ताल धरताहेत."

"साडेतीन? काकू, मी दहा लिहिलंय. माझ्या हाताने."

"इथे साडेतीनच दिसतंय. मी खोटं कशाला सांगू?"

"नाही काकू, तसं नाही..." आणि सीमा बोलता बोलता थांबली.

दहा आणि साडेतीन. मधे साडेपाच तास. तेच साडेपाच, जे ती सप्ताहभर मनात वजा करत होती आणि आज विसरली होती, कारण आज पडद्यावर सकाळ दिसत होती!

"काकू, फोन ठेवू नका कुठे. पान उघडंच ठेवा. आणते मी."

तिने काळ्या पडद्यावर एकच शब्द टाइप केला, timedatectl, आणि आलेल्या ओळी इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट वाचल्या. एका ओळीत स्थानिक वेळ. तिच्याखालच्या ओळीत साऱ्या जगाची म्हणून धरलेली सामाईक वेळ. दोन्हींत एकच आकडा. आणि खाली, हे यंत्र कुठल्या मुलखात आहे त्या जागी, कुठलाच मुलूख नव्हता, तीच जगाची सामाईक वेळ लिहिली होती.

सीमा त्या दोन सारख्या ओळींकडे बघत राहिली. आपली वेळ आणि साऱ्या जगाची वेळ सारखी कशी असेल? तिकडे काठी गावाच्या डोंगरमाथ्यावर सूर्य दिसतो तेव्हा खाली तापीच्या पात्रात अजून सावली असते. म्हणून कुणी सूर्याला ओढून खाली आणत नाही. सूर्य आपल्या जागी बरोबरच असतो, आपण कुठे उभे आहोत तेवढं सांगावं लागतं. या यंत्राचं सप्ताहभर काहीच चुकत नव्हतं. त्याच्या पोटातली वेळ अगदी खरी होती. त्याला फक्त कुणी गाव सांगितलं नव्हतं. आणि आज तिने गाव सांगायचं सोडून सूर्यच साडेपाच तास पुढे ढकलला होता, वर आप्पांच्या दहा मिनिटांसकट.

"आप्पा," ती म्हणाली, "याला आपलं गाव सांगायला हवं."

"मंग सांग ना!"

तिने मुलखांची यादी पडद्यावर आणली. नावं सरसर वर जाऊ लागली. आप्पा चष्मा पुसून वाकले. "नंदुरबार कोठे शे?"

"नंदुरबार नाही त्यात."

"शहादा?"

"आप्पा, मुंबईसुद्धा नाही. अख्ख्या देशाला मिळून एकच नाव आहे, कोलकाता."

"कलकत्ता!" आप्पा उभेच राहिले. "आमना देवनी घंटा कलकत्ताना टाइमवर वाजी?"

"वेळ एकच आहे हो, देशभर. नाव कुणाचं तरी द्यायचं म्हणून त्यांचं दिलं." असं म्हणत तिने ओळ टाइप केली आणि बटण दाबलं.

sudo timedatectl set-timezone Asia/Kolkata

टीव्हीवरची वेळ एकदम उडी मारून दुपारचे तीन वाजून गेल्याची झाली. मंडपात टीव्हीसमोर बसलेल्या मंडळींत हशा पिकला. कुणी ओरडलं, "काला झाला वाटतं, प्रसाद वाटा!" आप्पांनी वीणा छातीशी धरून डोळे मिटले.

सीमा हसली नाही, पण घाबरलीही नाही. आता तिला कळत होतं. आतला सूर्य अजून पुढे ढकललेलाच होता, म्हणून गाव सांगितल्यावर यंत्र तीन दाखवत होतं. पाटीवरचे दहाही पानाने जगाच्या वेळेतले धरले होते, म्हणून तापीकाकूंना साडेतीन दिसले. आता उरलं होतं ते आपल्या हाताने केलेलं आपल्या हाताने सोडून देणं. वेळ मिळवायचं जे काम सकाळी तिने यंत्राकडून काढून घेतलं, ते त्याला परत द्यायचं.

sudo timedatectl set-ntp true

क्षणभर काही झालं नाही. तिने टाळाच्या दोरीसारखी पदराची कड बोटाला गुंडाळली. मग पडद्यावरची वेळ हलली आणि मागे येऊन थांबली. मोबाइलशी तंतोतंत. वरच्या ओळीत आपली वेळ, खालच्या ओळीत जगाची, दोन्ही वेगळ्या आणि दोन्ही खऱ्या.

तिने पाटी पुन्हा नीट टाकली आणि प्रसारण जोडलं. या वेळी लाल ओळ आली नाही. पहाऱ्यावरचा हसून बाजूला झाला असावा तसा एक हिरवा ठिपका लागला.

"जोडलं गेलं," ती म्हणाली.

आप्पांनी टीव्हीकडे पाहिलं. दहाला अजून दहा मिनिटं कमी. मग भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर दहा. त्यांच्या हाताने सवयीने घंटेची दोरी धरली, आणि सीमा पुढे सरकली. घंटा आता वाजणार! पानावर दहा लिहिलंय. तिकडे महाराज दहाची वाट बघणार आणि इकडे नमन होऊन जाणार.

"आप्पा, थांबा ना दहा मिनिटं. महाराजांना सुरुवात मिळायची नाही."

आप्पांचा हात दोरीवर थबकला. देवळाच्या घड्याळाला डावलायचं? चेहऱ्यावर मोठं संकट उभं राहिलं. "बेटा, हाई घड्याळ कोणी पुढे कयं, तुले माहित शे का?"

"कोणी?"

"महाराजांनी. त्यांच्या पहिल्या सप्ताहात. लोक येत नाहीत वेळेवर म्हणून स्टुलावर चढून स्वतः काटा सरकवला. मी स्टूल धरलं होतं." आप्पांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "आनि ते काय शे? तो डोळाजवळना एक?"

सीमाने वळून पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात डोळ्याच्या चित्राशेजारी, किती जण बघताहेत तो आकडा असायचा. तिथे एक होता. पानावरच्या वेळेच्या आधीच कुणीतरी येऊन बसलं होतं.

तिने पटकन तापीकाकूंना फोन लावला.

"दिसतंय गं, सगळं दिसतंय!" काकू आता कुजबुजत नव्हत्या. "आप्पा दोरी धरून उभे आहेत ते पण दिसतंय. यांनी मला पहाटेच बजावून ठेवलं होतं, दहा म्हणजे दहा समजू नको, देवळाचं घड्याळ मी पुढे केलंय, फोन आधी लावून ठेव. थांब, काहीतरी म्हणताहेत." मागून दमलेला पण ओळखीचा आवाज आला, "भटूला म्हणावं, घंटा वाजव! उशीर होतोय!"

सीमाने फोन आप्पांच्या कानाला लावला. आप्पांनी ऐकलं. मग त्यांनी घंटा अशी वाजवली की परातीत काला कालवणाऱ्या बायका दचकल्या.

गोकुळ उभा राहिला. पहिल्या चालीला आवाज थोडा कापला, मग टाळकऱ्यांनी उचलून धरला तसा मोकळा झाला. घंटा वाजत असतानाच त्याने सीमाला विचारलं होतं, ताई, काय झालं होतं? आणि तिने चार शब्दांत सांगितलं होतं. निरूपणात त्याने तेच घेतलं. "माउली," तो कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला, आणि सगळ्यांना कळलं की तो कुणाशी बोलतोय, "गवळ्यांची पोरं आपापल्या घरून आपापली शिदोरी घेऊन आली. कुणाची भाकर, कुणाचं दही. देवाने म्हटलं नाही की सगळ्यांनी सारखंच आणा. देव म्हणाला, तू कुठला, ते सांग, आणि बस माझ्या पंगतीला. आपल्या देवळातलं हे यंत्र बिचारं इतके दिवस उपाशी होतं बघा, कारण आपण त्याला कुठला रे तू, हे सांगितलंच नव्हतं. आज सीमाताईंनी सांगितलं. आज तेही पंगतीत आलं." मंडप हसला, आणि हसता हसता कित्येकांनी डोळे पुसले. सीमा टाळ घेऊन रांगेत आपल्या जागी होती. टाळ वाजवता वाजवता तिची नजर त्या डोळ्याशेजारच्या आकड्यावर जायची. तो वाढत गेला. सुरतेचे, नवापूरचे, कुठले कुठले लोक. पण तिला त्यातला पहिला एकच दिसत होता.

तिकडे दवाखान्यात महाराजांना ऑपरेशनला न्यायची वेळ झाली तेव्हा हंडी फुटायची होती. हे तापीकाकूंनी नंतर सांगितलं. ढकलगाडी दाराशी आली, सोनम सिस्टरने गाडीचा दांडा धरला आणि पडद्याकडे पाहून म्हणाली, "एवढी हंडी होऊ दे. आमच्या प्रार्थनेतही गाणं मध्येच सोडत नाहीत." हंडी फुटली. महाराजांनी पडल्या पडल्या दोन्ही हात वर केले, "आता न्या," म्हणाले, आणि आत जाईपर्यंत टाळी वाजवत राहिले.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. सगळं नीट पार पडलं होतं. शुद्धीवर आल्यावर महाराजांनी पहिलं विचारलं, गोकुळचा आवाज लागला होता ना? आणि मग म्हणाले, सीमाला सांगा, ताल चुकला नाही.

सीमा फोन हातात धरून देवळाच्या पायरीवर बसून राहिली. आत मूर्तीपुढे समई तेवत होती. कुणाकुणाचे उपकार मानायचे, तिला सुचेना. डॉक्टरांचे, सिस्टरचे, सुरतेच्या मावसभावाचे, कुठेतरी बसून साऱ्या जगाला मोफत खरी वेळ वाटणाऱ्या अनोळखी माणसांचे. तिने सगळ्यांना मिळून एकच नमस्कार केला.

भटूआप्पा आवराआवर करत होते. स्टूल भिंतीजवळ ओढून ते घड्याळाला किल्ली द्यायला चढले आणि वरूनच म्हणाले, "बेटा, काटा मांगे करू का? तुन्हं यंत्र खरं सांगस म्हणतीस तर..."

"नको आप्पा," सीमा घाईने म्हणाली. "ते राहू दे पुढेच. यंत्राला आपलं गाव कळलंय. गावाला महाराजांची वेळ राहू दे."

आप्पांनी नुसती किल्ली दिली. खाली उतरले, परातीच्या तळाशी उरलेला काल्याचा एक घास द्रोणात काढला, आणि तो संगणकासमोर ठेवायला निघाले.

"आप्पा, दूर ठेवा थोडा," सीमा हसत उठली. "लाह्या कळांत जातील."

"जाऊ दे," आप्पा म्हणाले. "आज तो बी काला खाई."